सदतिसावा फोटो

छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये सदतिसावाही निघतो, हे मला सुरतेतल्या लिंबायतला येईपर्यंत माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर रोल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. परभणीहून लग्न करून सुरतेला आले तेव्हा माझा स्वतःचा असा एकच फोटो होता आणि त्यातही माझे डोळे मिटलेले होते. नवरा कापडाच्या लूमवर दिवसपाळीला जायचा. खोलीत बसून बसून मी इतकी कंटाळले, की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओच्या दारावर 'पासपोर्ट फोटो कापायला बाई पाहिजे' असं खडूनं लिहिलेलं दिसताच सरळ आत शिरले. आत एक किडकिडीत गृहस्थ जमिनीवर पालथे पडले होते. डोळ्याला कॅमेरा लावलेला आणि समोर वीतभर अंतरावर एक कुत्रं, ज्याच्या टाळूला श्रीखंड चिकटलं होतं. ते बिचारं जीभ कधी वर, कधी बाजूला अशी फिरवत होतं.

"दोन मिनिटं थांबा ताई," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "गिऱ्हाईक आहे."

हे नाना. सगळं लिंबायत त्यांना नानाच म्हणायचं, तेव्हा मीही तेच म्हणू लागले. मूळचे अमळनेरकडचे. थोरल्या भावाच्या पाठोपाठ पोरवयात सुरतेला आले. भाऊ लूममध्ये राहिला, शिकला, पुढे मोठा मिस्त्री झाला. नानांना मात्र लूमच्या खडखडाटानं मळमळायचं, म्हणून ते एका फोटोग्राफरकडे लागले आणि मग स्वतःचा स्टुडिओ टाकून बसले. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, तीन ठिकाणी मुली बघायला गेलो होतो, पण पोहे आले की माझं सगळं लक्ष मुलीच्या बापाच्या तोंडाकडे. तो पोहे कसे खातो तेच बघत बसायचो. मुलगी कधी आली, कधी गेली, कळायचंच नाही. हे ते गंमत म्हणून सांगत नसत. त्यांना खरोखरच तसं झालेलं असणार.

माणसाचा असो की कुत्र्याचा, खरा चेहरा घास तोंडात गेल्यावरच उमटतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. "खाताना कुणी खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून पाच वेळा तरी ऐकावं लागायचं. माणसं कॅमेऱ्यासमोर बसली की पोलीस चौकीत बसल्यासारखी होतात, कुत्री होत नाहीत, असं ते म्हणायचे. त्यातही घास जिभेवर पडल्यापासून चव कळेपर्यंत जो अर्धा क्षण असतो, तो त्यांना हवा असायचा. त्यासाठी ते तासन्‌तास पालथे पडून राहायचे. शर्टाच्या पुढच्या बाजूला कायम धूळ आणि मागची बाजू कडक इस्त्रीची. नाना येतायत की जातायत ते लांबून रंगावरूनच कळायचं.

रोल महाग, म्हणून एकही फोटो वाया घालवायचा नाही, हा धंद्याचा नियम. गेटपासचे, रेशनकार्डाचे, शाळेच्या दाखल्याचे फोटो एकाच रोलवर साठत जायचे आणि रोल भरला की मग धुवायचा. एखाद्या गिऱ्हाइकाला संध्याकाळीच फोटो हवे असले, की इतर फोटोग्राफर कपाळाला हात लावायचे. नाना खूश व्हायचे. कारण मग उरलेला रोल कुत्र्यांवर संपवायला ते मोकळे. "फार घाई आहे का?" असं ते गिऱ्हाइकाला इतक्या आशेनं विचारायचे, की सुरुवातीला मला ती धंद्यातली तत्परता वाटली. आणि घाई कुणालाच नसली, तरी सदतिसावा होताच. रोल नीट, हात आखडता घेऊन चढवला तर छत्तीस संपल्यावर शेवटी एक फोटो जास्तीचा निघतो. "छत्तीस गिऱ्हाइकांचे, सदतिसावा माझा," असं ते म्हणायचे. कधी कधी तो अर्धाच यायचा. नानांकडे अर्ध्या कुत्र्यांचाही मोठा साठा होता.

गल्लीतल्या कुत्र्यांना लूमवाल्यांनीच नावं दिलेली. सुताच्या कांडीसारखी बारीक, लांबुडकी कुत्री होती ती कांडी. एक जाडजूड कुत्रा दिवसभर कारखान्याच्या दारात बसून कामगारांवर नजर ठेवायचा, तो मुकादम. आणि चहाच्या टपरीपासून स्टुडिओपर्यंत दिवसभर उगाच येरझारा घालणारा, एक कान दुमडलेला तांबूस कुत्रा, तो धोटा. मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा तुम्ही पाहिला असेल तर या कुत्र्याला दुसरं नाव सुचणारच नाही. नानांच्या खिशात तिघांचे खाऊ वेगवेगळ्या पुड्यांत असत. कांडीला पापड लागायचा, तोही भाजलेला. मुकादमाला दह्यादुधाचं काहीही चालायचं, पण ते टाळूला चिकटलं की तो आयुष्याचा अर्थ शोधत असल्यासारखा वर बघायचा. आणि धोट्याला काय आवडतं ते मात्र नानांना कळलेलं नव्हतं. तो सगळंच खायचा, पण पळता पळता खायचा. फोटोत येईपर्यंत घास गेलेला असायचा. माझ्या आधीपासून, सात-आठ वर्षं, नाना त्याच्या एका धड चेहऱ्याच्या मागे होते. सुरती बटर झाली, नानखटाई झाली, थंडीतला पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, झाला. धोट्याचा आलेला प्रत्येक फोटो म्हणजे एक तांबूस फराटा.

उत्तरायणात नानांची दिवाळी असायची. आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ. पलीकडच्या सोसायट्यांमधल्या गुजराती बायका मात्र त्या दिवशी खास कुत्र्यांसाठी जाड्या पिठाचे लाडू करतात आणि मोठमोठी पातेली घेऊन गल्लोगल्ली वाटत फिरतात. सगळी सुरत गच्चीवर पतंग बघत असायची आणि नाना रस्त्यात पालथे. त्या बायकाही त्यांना ओळखून होत्या. एक जाडशा मोटीबेन तर आधी त्यांना विचारायच्या, "फोटोवाळा भाई, हवे नाखुं?" म्हणजे आता टाकू का, आणि यांनी मान हलवली की मगच लाडू टाकायच्या.

माणसांवरही नानांनी हा प्रयोग केला. मीच त्याची साक्षीदार. यवतमाळकडचा एक कामगार होता, इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला. त्याला गेटपासला फोटो हवा होता. तो खुर्चीवर असा बसला, की जणू कुणी त्याच्यावर आळ घेतलाय. नानांनी खूप गप्पा मारल्या, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी खिशातून चिंचेची गोळी काढून त्याला दिली आणि ती जिभेवर पडताच बटण दाबलं. फोटो मोठा जिवंत आला, पण एक डोळा गच्च मिटलेला आणि तोंड एका बाजूला. घाई असल्यानं त्यानं तोच चिकटवला. पुढे वर्षभर गेटवरचा वॉचमन त्याला रोज सकाळी म्हणायचा, डोळा मिटून दाखव, मग सोडतो. तो माणूस पुढे नानांचा दोस्त झाला हे विशेष. सुट्टीच्या दिवशी यायचा आणि आल्या आल्या डोळा मिटून दाखवायचा.

बाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये सगळे फोटोग्राफर नवऱ्या मुली आणि गुटगुटीत बाळं लावतात. नानांनी निम्म्या नवऱ्या आणि निम्मी कुत्री लावली होती. एका मुलीचा बाप भांडायला आला, की माझ्या मुलीशेजारी हा जीभ काढलेला कुत्रा का? नानांनी शांतपणे मुकादमाचा फोटो काढून दुसरीकडे लावला. आठ दिवसांनी ती मुलगीच सासरहून आली आणि म्हणाली, मुकादमाला पुन्हा माझ्याशेजारी लावा, मी त्याला लहानपणापासून ओळखते. हे सगळं मी हसत हसत सांगते आहे खरं, पण या छंदापायी नानांनी जे गमावलं होतं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

झालं असं होतं, की त्यांच्या भावाच्या मुलीचं, म्हणजे एकुलत्या एक पुतणीचं लग्न गोडादऱ्याच्या मैदानात होतं. फोटो अर्थातच सख्ख्या काकाचे. मी लाइट धरून उभी होते. मंगलाष्टकं संपत आली, नवरीनं हार उचलला, नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि त्याच वेळी मांडवाच्या कनातीखालून आचाऱ्यांच्या बाजूनं एक परकं कुत्रं आत आलं. तोंडात अख्खा मोतीचुराचा लाडू. चावला तर फुटेल आणि सोडला तर जाईल अशा पेचात सापडलेलं. त्याचे डोळे मी अजून विसरलेले नाही, मग नाना कसे विसरणार? ते गर्रकन वळले. बटण दाबलं. परत वळले तेव्हा हार गळ्यात पडलेला होता आणि अक्षताही पडून गेल्या होत्या.

नानांनी भाबडेपणानं विचारलं, एकदा हार काढून पुन्हा घालता का? घातलेला हार काढायचा म्हणजे केवढा अपशकुन. भाऊंनी तेव्हा लग्न तेवढं पार पडू दिलं. पण अल्बम घरी गेला आणि त्यात मुलीच्या हाराचा फोटो नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की आजपासून माझ्या घरात त्याची मूठ निघायची नाही.

ही मूठ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. आमच्याकडे परभणीला कानबाई नाही. खानदेशातल्या लोकांची ही देवी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी येते आणि सोमवारी वाजतगाजत जाते. लिंबायतला त्या दोन दिवशी निम्मे लूम बंद असत. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करतात आणि त्या गव्हाचं माप घरातल्या माणसांवर असतं. प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे. बायकांची मूठ का नाही, असं मी विचारलं होतं. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे परभणीची म्हणून बघितलं. तर ते रोट फक्त घरातल्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत, कण सांडायचा नाही. एरवी खानदेशी माणूस दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, पण रोटाच्या बाबतीत फार कडक. तेव्हा मूठ निघायची नाही याचा अर्थ एकच. तू आमच्यातला नाहीस.

त्यानंतर तीन श्रावण गेले. भाऊंचं घर स्टुडिओपासून तीन गल्ल्या पलीकडे, तरी बोलणं नाही. कानबाईच्या सोमवारी मिरवणुका स्टुडिओवरून जायच्या, बँड वाजायचा, बायका डोक्यावर देवी घेऊन नाचायच्या. सगळ्या जगाचे फोटो काढणारा हा माणूस त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावत नसे. आतल्या अंधाऱ्या खोलीत धुण्यासारखं काहीही नसताना जाऊन बसायचा. एकदा मी दार वाजवलं तर आतून म्हणाले, उघडू नका ताई, उजेड येईल. आत फिल्म नव्हती हे मला माहीत होतं. मला त्या दिवशी त्यांच्या भावाचा फार राग आला.

चौथ्या वर्षी मात्र निराळं घडलं. मिरवणूक गेल्यावर दुपारी वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, डोक्यावरून पदर ओढून घाईघाईनं स्टुडिओत शिरल्या. फडक्यात बांधलेला एक रोट त्यांनी काउंटरवर ठेवला. नवऱ्याला न सांगता त्यांनी यंदा दिराची मूठ काढली होती. रोट घराबाहेर आणला म्हणजे त्यांनी स्वतःच नियम मोडला होता. कण सांडू नको, हात धुतलेलं पाणीसुद्धा झाडाच्या बुंध्याशी टाक, एवढं बजावून त्या आल्या तशा गेल्या.

नानांनी फडकं सोडलं. वहिनींच्या रोटाची कड बोटांनी दाबून दाबून वेणीसारखी केलेली असायची, तशीच ती होती. त्यांनी तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून बसले. मी समोर फोटो कापत होते, पण मी काही घरातली नव्हे. डोळे पुसायला त्यांनी मान फिरवली तर दारात धोटा उभा. पळत नव्हता. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच स्थिर उभा असलेला पाहत होते. नानांनी तो तुकडा त्याच्यापुढे धरला. धोट्यानं तो अलगद घेतला, बसला, डोळे अर्धवट मिटले, दुमडलेला कान हळूहळू सरळ झाला, आणि त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं, की माझी कात्री हातातच राहिली. कॅमेरा काउंटरवर होता. गेटपासच्या रोलचे छत्तीस संपले होते. नानांनी डाव्या हातात रोट तसाच धरून उजव्या हातानं सदतिसावा काढला. मग उरलेला रोट दोघांनी खाल्ला, एक घास याला, एक त्याला. कण एकही सांडला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पुढची चूक माझी. दुसऱ्या दिवशी नाना इच्छापोरला कारखान्यात फोटो काढायला दोन दिवस गेले. रोल धुवायला मी शिकले होते. तो फोटो कागदावर उमटताना बघून मला राहवेना. धोट्याचा इतक्या वर्षांचा चेहरा शेवटी मिळाला होता. नानांना आल्यावर धक्का द्यावा म्हणून मी तो चांगला मोठा केला आणि शोकेसच्या मधोमध, एका नवरीला काढून, लावला. धोट्याचं तोंड, त्याच्यापुढे नानांचा हात आणि हातात वेणीच्या कडेचा रोट, सगळं कसं स्वच्छ, आणि त्या आनंदात रोटाचा नियम माझ्या ध्यानातही आला नाही. दुपारपर्यंत काचेसमोर बायकांची गर्दी जमली. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी दारात जाऊन हसतसुद्धा होते. मग त्यातली एक बाई माझ्याकडे वळली आणि तिनं मला हळू आवाजात समजावून सांगितलं, की मी काय लावून ठेवलं आहे. आणि कड कुणाच्या हातची आहे हेही त्या सगळ्यांनी ओळखलं होतं.

मी फोटो काचेतून काढून ठेवला, पण त्याचा काय उपयोग? तीन गल्ल्या म्हणजे काही फार अंतर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना परत आले तेव्हा मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघून म्हणाले, फोकस चांगला साधलाय. मग तो काउंटरवर पालथा ठेवला.

"माझं ठीक आहे ताई," ते म्हणाले. "मी बाहेरचाच होतो. पण वहिनींना आता घरात कोण उभं करणार?"

तेवढ्यात भाऊच आले. मागे वहिनी, मान खाली घातलेल्या. भाऊ उंचपुरे, लूमच्या आवाजात आयुष्य गेल्यानं मोठ्यानं बोलणारे, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी फोटो मागितला. नानांनी दिला. रोट कुत्र्याला दिलास का, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, दिला. का दिलास? मग भावाशी बोलताना त्यांच्या तोंडी आपोआप घरची अहिराणी आली.

"रोट एकलानी खावाना नही ऱ्हास, भाऊ. घरनं कोनीतरी समोर लागस. मन्हासमोर हाऊच व्हता."

रोट एकट्यानं खायचा नसतो, घरचं कुणीतरी समोर लागतं, आणि माझ्यासमोर हाच होता. भाऊंनी मान वर केली नाही. ते फोटोकडेच बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता फाडणार. वहिनी हळूच पुढे झाल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. त्यांनी आत्तापर्यंत तो फोटो पाहिलेलाच नव्हता, नुसता ऐकला होता. आधी त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते ते निराळ्याच कारणानं. हसू आवरेना तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवलं, की डोळे मिटायची तऱ्हा बघा, मान कलती करायची बघा. तीस वर्षं मी ताटासमोर हेच तोंड बघते आहे. रोट खाताना तुम्ही असेच दिसता.

मी भाऊंकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि मला देवाशपथ वहिनींचं म्हणणं पटलं. नानांनाही पटलं असावं, कारण त्यांनी पटकन मान खाली घातली. भाऊंनी फोटो जरा लांब धरला, मग जवळ आणला. ओठ घट्ट मिटून धरले, पण मिशी हलली. आणि एकदा हलली म्हटल्यावर पुढे त्यांना ते आवरता आलं नाही. हा एवढा मोठा मिस्त्री काउंटरला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. दाराशी धोटा आला होता. त्याला काय कळलं कोण जाणे, तो आत येऊन भाऊंच्या चपलांशी बसला.

वहिनींनीच मग निकाल दिला. रोट भाऊबंदच खातो, यानं खाल्लाय, आणि खाल्लेला काही परत घेता येत नाही.

"आते हाऊ बी भाऊबंद व्हयना," त्या म्हणाल्या. "यानी बी मूठ काढनी पडी."

याचीही मूठ काढायची, यावर भाऊ हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. फोटो मात्र घडी न करता, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घेऊन गेले. नाना त्या रात्री जेवले की नाही मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दिवस मोजायला सुरुवात केली. श्रावण संपलेला नव्हता आणि हे पुढच्या श्रावणाचे दिवस मोजत होते. वहिनी म्हणाल्या ते हसण्याच्या भरात की खरं, भाऊ स्वतः काय करतील, हे मला ते वर्षभर विचारत राहिले. मी दर वेळी सांगायचे, काढतील मूठ. मलाही खात्री नव्हती.

पुढच्या वर्षी वहिनींनी गहू काढायच्या दिवशी मला मुद्दाम बघायला बोलावलं. बघायला परक्याला हरकत नाही. सारवलेल्या जागी गव्हाची रास, शेजारी कोरं सूप, घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून बसलेली. भाऊंच्या घरातल्या खोलीत नाना पाच वर्षांनी बसले होते, दाराच्या अगदी जवळ, लगेच उठून जाता यावं असे. वहिनी राशीत हात घालायला वाकल्या तसं भाऊंनी त्यांना थांबवलं आणि स्वतः पुढे बसले. गेलेल्या वडिलांना आधी हात जोडले. मग स्वतःचं नाव घेऊन सव्वा मूठ काढली. मग दोन मुलांची. जावयाची निघत नाही, म्हणून त्याच्याकडे बघून नुसते हसले. मग थांबले. नानांनी पायाची बोटं आवळून धरलेली मला दिसत होती.

भाऊंनी नानांचं नाव घेतलं. त्यांचं खरं, जन्मनाव. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मूठ सुपात पडली, वरची पावही पडली. नानांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. आणि आता झालं असं समजून वहिनी सूप उचलायला वाकल्या, तर भाऊंनी सुपावर हात ठेवला. दाराबाहेर पायरीवर धोटा बसला होता. त्याच्याकडे बघत, एकेका भाऊबंदाचं नाव घ्यावं तितक्याच गंभीरपणे भाऊ म्हणाले, "धोटा." आणि त्याची सव्वा मूठ काढली. बाकीच्यांपेक्षा जरा लहान होती, पण सव्वा होती.

दोन दिवसांनी रोट झाले. मी परभणीची. मला तुकडाही मिळाला नाही, नियम म्हणजे नियम. पायरीवर बसलेल्या धोट्याला मात्र अख्खा मिळाला, आणि त्याच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नाना, तिघंही डोळे अर्धवट मिटून खात होते.